कॅमेरा घेण्याआधी मोबाइलमधले शेवटचे दोनशे फोटो पाहावेत

दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीच्या तोंडावर नातेवाइकांपैकी किंवा शेजाऱ्यांपैकी कोणी ना कोणी मला ‘एवढ्या पैशांत चांगला कॅमेरा कोणता येईल?’ असे विचारते. या प्रश्नाला मॉडेलचे नाव सांगून उत्तर देणे मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिले, कारण मॉडेले सारखी बदलत राहतात आणि एकाला लाभलेला कॅमेरा दुसऱ्याच्या कपाटात धूळ खात पडलेला मी अनेकदा पाहिला आहे. त्याऐवजी मी विचारणाऱ्याला त्याच्या मोबाइलमधले शेवटचे दोनशे फोटो घेऊन बसायला सांगतो. कोणता कॅमेरा घ्यावा, आणि मुळात घ्यावा की नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा त्या दोनशे फोटोंतच सापडते.

ही पाहणी करताना आधी स्क्रीनशॉट, पावत्या, आधार कार्डांचे फोटो आणि इतरांनी पाठवलेल्या शुभेच्छा बाजूला काढाव्यात. उरलेल्यांपैकी जे फोटो मनासारखे आले आहेत तेही सोडून द्यावेत, कारण ते काम मोबाइल करतोच आहे आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही. आता ज्या फोटोंबद्दल चुटपुट लागून राहिली तेवढेच उरतात. त्यांची कागदावर नोंद करावी आणि प्रत्येकापुढे बिनसले कशामुळे ते एक-दोन शब्दांत लिहावे: लांब, अंधार, हलले, मावले नाही. फिरून फिरून हीच कारणे येतात, आणि त्यांतले एखादे इतरांपेक्षा स्पष्टपणे वरचढ निघते. आपला कॅमेरा त्या वरचढ कारणावर उपाय करणारा असावा. बाकीच्या सोयी नंतर पाहाव्यात.

चुटपुट लागलेले फोटो पाच-सातच निघाले, तर माझा सल्ला कॅमेरा न घेण्याचा असतो. भर दिवसाचे प्रवासाचे फोटो, जेवणाचे ताट, बागेतली फुले, चार-सहा माणसांचा समूह एवढे काम आजचा बरा मोबाइल उत्तम करतो. तो एका क्षणात अनेक फोटो घेऊन त्यांचे मिश्रण करतो आणि त्यामुळे त्याच्या इवल्याशा सेन्सरचे (उजेड टिपणाऱ्या चकतीचे) बरेचसे दोष झाकले जातात. जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या ‘सीपा’ या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. मधल्या काळात जे नाहीसे झाले ते प्रामुख्याने खिशात मावणारे साधे कॅमेरे होते, आणि त्यांची जागा मोबाइलने घेतली ती काही अन्यायाने नव्हे. म्हणून आज कॅमेऱ्यावर पैसे घालायचे ते मोबाइलला जे जमत नाही तेवढ्यासाठीच.

लांबचे फोटो

यादीत ‘लांब’ हा शब्द वारंवार आला असेल, तर फोकल लेंग्थ ही एकच संख्या नीट समजून घेतली पाहिजे. ती जितकी मोठी, तितके लांबचे जवळ दिसते आणि चौकटीत कमी दृश्य मावते. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची तुलना करता यावी म्हणून ही संख्या जुन्या ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात सांगण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीचा असतो. मोबाइलमधल्या फोटोचा तपशील उघडला तर पुष्कळदा ही संख्या तिथे लिहिलेली दिसते. तीनपट झूमचे बटण दाबले की आपण ७५ मिमीच्या आसपास पोचतो, पाचपटीला १२० मिमीच्या. त्यापुढे दोन बोटांनी चित्र ताणले की बहुतेक मोबाइल केवळ मधला भाग कापून मोठा करतात आणि चित्र मेणासारखे दिसू लागते.

एक हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. आपल्यापासून १० मीटरवर कुंपणाच्या तारेवर लालबुड्या बुलबुल बसला आहे. चोचीपासून शेपटीपर्यंत तो साधारण २० सेंमीचा असतो. कॅमेरा आडवा धरला असता मोबाइलच्या २६ मिमीच्या चौकटीत त्या अंतरावर सुमारे सव्वानऊ मीटर उंचीचे दृश्य मावते, म्हणजे बुलबुल चित्राच्या उंचीचा जेमतेम सेहेचाळिसावा भाग होतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या १८-५५ मिमीच्या लेन्सचे लांबचे टोक एपीएस-सी या, बदलत्या लेन्सच्या साध्या कॅमेऱ्यांत सर्रास असणाऱ्या, सेन्सरवर सुमारे ८२ मिमीसारखे वागते. त्यात २.९ मीटर उंचीचे दृश्य मावते, बुलबुल चौदावा भाग होतो, आणि घरी आल्यावर ‘एवढा खर्च करून हेच?’ असे वाटते. ६०० मिमीला मात्र चौकटीत फक्त ४० सेंमी उंचीचे दृश्य राहते आणि बुलबुल निम्मे चित्र व्यापतो. पक्ष्यांचे फोटो काढणारे लोक एवढ्या जड नळकांड्या का वागवतात, ते या तीन आकड्यांवरून कळावे.

यावरून आपल्या गरजेची संख्या ठरवता येते. ताडोबाच्या सफारीत जिप्सीतून वाघ दिसला तर तो पुष्कळदा रस्त्याच्या बऱ्यापैकी जवळ असतो, त्यामुळे ३०० ते ४०० मिमीवर भागते. (तिथे पर्यटकांना मोबाइल वापरू देत नाहीत, त्यामुळे अनेक कुटुंबांची कॅमेऱ्याची पहिली खरेदी ताडोबाचे आरक्षण झाल्यावरच होते.) भिगवणजवळ कुंभारगावातून होडीने उजनी धरणाच्या फुगवट्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला जायचे असेल, तर ४०० मिमीपासून पुढे विचार करावा. छोटे पक्षी हाच छंद असेल, तर ६०० मिमीच्या खाली समाधान होत नाही. सिंहगडावरून समोरचा डोंगर किंवा कासच्या पठारावरचा फुलांचा गालिचा टिपण्यासाठी यातले काहीच लागत नाही. तिथे २४ मिमी पुरतात.

लांबच्या फोटोंसाठी दोन वाटा आहेत. पहिली वाट ‘ब्रिज’ किंवा सुपरझूम म्हणवल्या जाणाऱ्या, लेन्स न बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याची. निकॉनच्या २०१८ साली आलेल्या पी१००० या कॅमेऱ्याची लेन्स २४ पासून ३००० मिमीपर्यंत जाते. चंद्रावरची विवरे दाखवून तो पोराटोरांना चकित करतो आणि भर उन्हात पक्ष्यांची ओळख पटण्याजोगे फोटो देतो. पण त्याचे वजन सुमारे १.४ किलो आहे, सेन्सर मोबाइलच्याच जातकुळीतला आहे आणि झूम पूर्ण ताणल्यावर अ‍ॅपर्चर (लेन्सचे उजेड आत घेणारे भोक) एफ/८ इतके बारीक होते, म्हणजे ऊन कलले की त्याची ताकदही कलते. दुसरी वाट बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्याची. एपीएस-सी सेन्सरवर २५० मिमीची साधी लेन्स ३७५ मिमीसारखी आणि ४०० मिमीची ६०० मिमीसारखी वागते. कॅननच्या सेन्सरवर हा गुणक दीडऐवजी १.६ धरावा, तर मायक्रो फोर थर्ड्स या त्याहून लहान सेन्सरवर तो थेट दुप्पट होतो. ही वाट महाग आहे, पण सकाळी साडेसहाच्या उजेडातही चालते, आणि पक्षी नेमके तेव्हाच दिसतात.

अंधार आणि हालचाल

या दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी मुळात एकच आहेत. उजेड कमी असला की शटर (सेन्सरपुढचा पडदा) अधिक वेळ उघडे ठेवावे लागते, आणि तेवढ्या वेळात माणूस हलतो.

हा धडा मी पैसे घालवून शिकलो. मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी म्हणून मी मोठ्या झूमचा एक ब्रिज कॅमेरा घेतला होता. दुकानदाराने रस्त्यापलीकडच्या पाटीवरची अक्षरे मला जवळ आणून दाखवली आणि मी भारावून गेलो. कार्यक्रमाच्या दिवशी मागच्या रांगेतून झूम पुरेपूर ताणला तेव्हा अ‍ॅपर्चर एफ/६.५ वर आणि शटर एक तीसांश सेकंदावर आले. कोळीगीत सुरू होते. माझ्याकडे त्या नाचाचे नव्वद फोटो आहेत, त्यांत मुलीचे लुगडे ओळखू येते, चेहरा ओळखू येत नाही. नाचणाऱ्या मुलांना स्थिर पकडायला निदान १/२५० सेकंद तरी हवे.

एफ या अक्षरापुढचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून येणारा उजेड जास्त, आणि हे नाते वर्गाचे असते. एफ/६.५ च्या तुलनेत एफ/१.८ ची लेन्स (६.५ भागिले १.८) याच्या वर्गाइतका, म्हणजे सुमारे १३ पट उजेड आत घेते. जे शटर एक तीसांश सेकंदावर अडले होते ते एवढ्यावरच १/३९० च्या आसपास गेले असते. त्यात सेन्सरचा आकार धरला तर फरक आणखी वाढतो. स्वस्त ब्रिज कॅमेऱ्यांतला १/२.३ इंची सेन्सर प्रत्यक्षात सुमारे ६.२ बाय ४.६ मिमीचा, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा असतो, आणि त्याचे क्षेत्रफळ २८ चौरस मिमी भरते. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमीचा असून त्याचे क्षेत्रफळ ३६७ चौरस मिमी आहे, म्हणजे हाही फरक १३ पटींचा. मधल्या पायऱ्या दोन आहेत: १३.२ बाय ८.८ मिमीचा ‘एक इंची’ आणि १७.३ बाय १३ मिमीचा मायक्रो फोर थर्ड्स. सर्वांत वर ३६ बाय २४ मिमीचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा फुल फ्रेम. एक इंची सेन्सरमध्ये कुठेही एक इंच सापडत नाही. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आले आहे आणि गिऱ्हाइकाला सेन्सर मोठा वाटतो म्हणून ते टिकून राहिले असावे, असा माझा संशय आहे.

म्हणून ज्यांच्या यादीत ‘अंधार’ आणि ‘हलले’ हे शब्द जास्त असतील, त्यांनी झूमचा मोह सोडून बदलत्या लेन्सचा एपीएस-सी कॅमेरा आणि एफ/१.८ ची न झूम होणारी लेन्स घ्यावी. ३५ मिमीची घेतली तर घरातल्या घरात, केळवणात, मंगळागौरीत वापरता येते. ५० मिमीची घेतली तर चेहऱ्यांचे फोटो सुंदर येतात आणि रंगमंचासाठीही ती चालते, मात्र त्यासाठी लवकर जाऊन पुढच्या रांगांत बसावे लागते. एफ/१.८ ची ५० मिमी ही बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त लेन्सपैकी एक असते. याउलट नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांबरोबर मिळणारी छोटी किट लेन्स लांबच्या टोकाला पुष्कळदा एफ/६.३ वर येते. त्यामुळे नवा कॅमेरा घेऊनही घरगुती समारंभात ‘मोबाइलच बरा होता’ असे म्हणण्याची पाळी येते, आणि दोष बिचाऱ्या कॅमेऱ्याला लागतो.

‘स्टॅबिलायझेशन’ या शब्दाने मात्र फसू नये. ती सोय आपल्या हाताची थरथर सावरते, समोरच्या मुलाचे धावणे नव्हे. देवळाच्या गाभाऱ्याबाहेरची कोरीव कमान टिपायला तिचा फार उपयोग होतो, गरबा टिपायला जवळजवळ नाही.

समारंभांचे फोटो काढणाऱ्यांना आणखी एक सल्ला देईन, जो दुकानात क्वचितच मिळतो: मान वर वळवता येणारा साधा फ्लॅश घ्यावा. तो पांढऱ्या छताकडे रोखला की उजेड छतावरून परतून मऊ होऊन खाली पडतो, कपाळे चमकत नाहीत, आणि महागड्या लेन्सचे निम्मे काम कमी पैशांत होते. कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायची खाच आहे ना, एवढे आधी पाहावे.

मेगापिक्सेलविषयी थोडक्यात

यावर वेळ घालवू नये. एफोर आकाराच्या कागदावर इंचाला ३०० ठिपक्यांनी उत्तम छपाई करायला ८.७ मेगापिक्सेल लागतात, अल्बममधल्या चार बाय सहा इंची फोटोला सव्वादोनसुद्धा लागत नाहीत, आणि फोर-के टीव्हीचा पडदा ८.३ मेगापिक्सेलचाच असतो. आज सर्रास मिळणाऱ्या २४ मेगापिक्सेलमधून २० बाय १३ इंचांची छपाई आरामात होते. त्याहून मोठी चौकट भिंतीवर लावायला भिंतही हवी.

कोणत्या जातीचा कॅमेरा

आता बाजारात मुख्यतः चार जाती भेटतात. ब्रिज कॅमेऱ्याविषयी वर लिहिले आहे. एक इंची सेन्सरचा खिशातला कॅमेरा ही दुसरी जात. सोनीची आरएक्स१०० मालिका २०१२ साली सुरू झाली आणि तिच्या २०१९ सालच्या सातव्या आवृत्तीत २४ ते २०० मिमीची लेन्स सुमारे ३०० ग्रॅममध्ये बसवली आहे. ज्यांना ट्रेकला जाताना पाठीवर जास्त वजन नको आहे, पण मोबाइलपेक्षा बरे झूम हवे आहे, त्यांच्यासाठी ही जात चांगली. मात्र किंमत ऐकून पुष्कळांचा उत्साह मावळतो.

उरलेल्या दोन म्हणजे डीएसएलआर आणि मिररलेस. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेले दृश्य आरशावरून डोळ्यापर्यंत पोचते. मिररलेसमध्ये आरसा नसतो, सेन्सरवरचे दृश्य छोट्या पडद्यावर दिसते, आणि फोटो उजळ येणार की काळवंडणार हे बटण दाबण्याआधीच कळते. बदलत्या लेन्सचा पहिला मिररलेस पॅनासॉनिकने २००८ साली आणला. कॅनन आणि निकॉन यांनी २०१८ साली आपापल्या फुल फ्रेम मिररलेस मालिका सुरू केल्या आणि त्यानंतर त्यांच्या नव्या लेन्स प्रामुख्याने त्याच मालिकांसाठी येत आहेत. त्यामुळे नवा कोरा आणि पुढे वाढवत नेण्याजोगा संच हवा असेल तर मिररलेस घ्यावा. पण हात आखडता असेल तर जुन्या डीएसएलआरला मी अजूनही नाके मुरडत नाही. निकॉनचा डी३५०० हा साधा कॅमेरा सीपाच्या मोजणीनुसार एका चार्जमध्ये १५५० फोटो काढतो, तर तत्सम मिररलेस बहुधा तीनशे-चारशेवरच थकतो, आणि तेवढ्यात लग्नातला सीमांतपूजनाचा विधी जेमतेम पार पडतो.

घरात वडिलांच्या किंवा मामांच्या फिल्म कॅमेऱ्याच्या लेन्स असतील तर त्या फेकू नयेत. अ‍ॅडॅप्टर लावून त्या मिररलेसवर सहसा बसतात, पण फोकस हाताने करावा लागण्याची तयारी ठेवावी. उलट दिशेने, म्हणजे मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर, हे जमत नाही.

फुल फ्रेमच्या बाबतीत माझे मत थोडे कठोर आहे. पहिला कॅमेरा फुल फ्रेम घेऊ नये. बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) ऐपतीत बसली तरी तिच्या लेन्सची किंमत आणि वजन नंतर अंगावर येते, आणि कॅमेरा घरी राहू लागतो.

पैशांची वाटणी

हाताशी असलेल्या रकमेचा निम्म्याहून फार मोठा वाटा बॉडीवर जाऊ देऊ नये. बाकीच्यातून आपल्या यादीला उत्तर देणारी लेन्स, एक जादा बॅटरी, कार्ड आणि कॅमेरा कोरडा ठेवण्याची सोय एवढे व्हायला हवे. कार्डावर ‘व्ही३०’ ही खूण असावी, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी मिळते आणि फोर-के व्हिडिओ मध्येच अडत नाही. नकली कार्डे बाजारात भरपूर आहेत, म्हणून पदपथावरच्या स्वस्त कार्डात नातवाचे बारसे साठवू नये. ‘कॉम्बो ऑफर’मध्ये मिळणारा हलका तिवई स्टँड, बॅग आणि लेन्सवर चढवायची स्वस्त काच यांची किंमत शून्य धरावी. ती काच तर समोर दिवा आला की चित्रात हिरवट भुते उमटवते.

दुकानात

कॅमेरा ऑनलाइन घ्यायचा असला तरी एकदा दुकानात जाऊन हातात घ्यावा. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाझार परिसरात कॅमेऱ्यांची दुकाने एकमेकांना लागून आहेत, आणि एका दुपारी चार-पाच कॅमेरे हाताळता येतात. आपले स्वतःचे कार्ड बरोबर न्यावे आणि विचारून त्यावर फोटो काढावेत. दुकानातल्या पाटीचे फोटो काढून काही कळत नाही. काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याचा आणि चालत जाणाऱ्या गिऱ्हाइकाचा फोटो काढावा. करंगळी पकडीखाली लोंबते आहे का, लेन्स लावल्यावर कॅमेरा पुढे झुकतो आहे का, एका हाताने मुख्य चाक फिरते का, हे तपासावे. चष्मा असेल तर चष्म्यासकट डोळा लावून चौकटीचे चारही कोपरे दिसतात का ते पाहावे आणि बाजूचे छोटे चाक फिरवून अक्षरे स्पष्ट करून घ्यावीत. डोळा लावायची खिडकीच नसलेले काही स्वस्त मिररलेस मिळतात. एप्रिलच्या उन्हात त्यांच्या मागच्या पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो, म्हणून ते मी टाळतो.

व्हिडिओसाठी कॅमेरा हवा असेल तर माइक लावायची खाच पाहावी, कारण आवाज वाईट असला की चित्र कितीही चांगले असले तरी कोणी बघत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. अमेरिकेतून आलेला कॅमेरा पुष्कळदा ६० च्या हिशेबावर लावलेला असतो आणि मग व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. मेनूमध्ये पाल (५० हर्ट्झच्या विजेला जुळणारी व्हिडिओ) पद्धत, २५ किंवा ५० फ्रेम आणि १/५० सेकंद शटर निवडले की ते जातात.

परदेशातून भाच्याला आणायला सांगण्यापूर्वी वॉरंटी भारतात चालते का ते लेखी पाहावे. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या काही मॉडेलांत मेनू केवळ जपानी भाषेत असतो, हे सामान उघडल्यावर कळून उपयोग नसतो. देशातल्या देशातही बिलाशिवायचा माल ‘इम्पोर्टेड’ म्हणून दोन-चार हजार कमी करून मिळतो, पण सर्व्हिस सेंटर तो दारातूनच परत पाठवण्याची शक्यता असते. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि बिल, खोका व कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेला क्रमांक एकच आहे हे दुकानातच जुळवून पाहावे.

वापरलेला कॅमेरा घेताना

लेन्स वापरलेली घ्यायला हरकत नाही. नीट सांभाळलेली लेन्स वीस वर्षेही चालते. तपासण्याची रीत सोपी आहे. लेन्सचे पुढचे-मागचे झाकण काढावे, तिच्या एका तोंडाशी मोबाइलचा टॉर्च तिरपा धरावा आणि दुसऱ्या तोंडातून आत पाहावे. धुळीचे दोन-चार कण दिसले तर सोडून द्यावेत. काचेच्या कडेपासून आत सरकणारे, कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा थंडीत खिडकीवर उमटणाऱ्या नक्षीसारखे पांढरट धागे दिसले, तर ती बुरशी असते आणि अशी लेन्स फुकटही घेऊ नये. ती काचेवरचा लेप खाते, आणि इतर लेन्सबरोबर ओलसर जागी ठेवली तर त्यांनाही धोका असतो.

बॉडी घेताना शटर किती वेळा चालले आहे तो आकडा विचारावा. साध्या कॅमेऱ्यांचे शटर साधारण एक लाख फोटोंच्या अपेक्षेने बनवलेले असते, त्यामुळे वीस-तीस हजारांचा आकडा ठीक. मग एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून तो मोठा करून पाहावा, म्हणजे सेन्सरवरचे डाग काळ्या ठिपक्यांसारखे उठून दिसतात. झाकण लावून काही सेकंदांचा फोटो घेतला तर बिघडलेले पिक्सेल लाल-निळ्या टिपक्यांनी आपली जागा दाखवतात. शेवटी बॅटरी काढून टेबलावर ठेवावी. ती डुगडुगली तर फुगलेली आहे.

पहिला पावसाळा

हा भाग परदेशी मार्गदर्शकांत सहसा नसतो, आणि कोकणात, मुंबईत, गोव्यात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. हवेतली आर्द्रता दीर्घकाळ ६० ते ६५ टक्क्यांच्या वर राहिली की लेन्समध्ये बुरशी धरू लागते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या कितीतरी वर असते. त्यामुळे कॅमेरा कपड्यांच्या कपाटात किंवा देखण्या चामड्याच्या पिशवीत ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. स्वयंपाकघरात वापरतो तसा घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र एवढ्यावर काम भागते. आकडा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवावा. जेलचे दाणे रंग बदलू लागले की ते कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. ही कढई मात्र वेगळी ठेवावी. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याचा घरगुती उपाय करू नये, त्याची पूड आत जाते.

वातानुकूलित गाडीतून उतरून धबधब्याकडे धाव घेण्यापूर्वी कॅमेरा बॅगेतच अर्धा तास राहू द्यावा, नाहीतर थंड काचेवर दव धरते आणि ते आतल्या बाजूलाही धरू शकते. आषाढी वारीत पावसात फोटो काढायचे असतील तर स्वस्त कॅमेऱ्यांना पाण्यापासून संरक्षण नसते हे लक्षात ठेवून दुधाची मोठी पिशवी आणि रबरबँड खिशात असू द्यावे: पिशवीच्या एका टोकाला लेन्सच्या तोंडाएवढे भोक पाडून ते रबराने बांधावे आणि मागून हात घालावा. पावसाळ्यात एरवीही दर आठवड्याला कॅमेरा डब्यातून बाहेर काढून पाच-दहा फोटो काढावेत, लेन्सचे झूम पुढे-मागे फिरवावे आणि तिला थोडा वेळ उजेड दाखवावा, कारण बुरशीला अंधार आणि न हलणारी हवा फार आवडते.